हेल्मेटच्या स्टिकरमागचे आकडे

सायकलच्या हेल्मेटच्या आत, पॅडिंगखाली एक स्टिकर असतो. त्यावर मानकाचा क्रमांक दिसला की बहुतेक जण निर्धास्त होतात. स्टिकर महत्त्वाचा आहेच, पण तो फक्त 'पास' एवढंच सांगतो. काठावर पास की भरघोस गुणांनी, ते त्यावरून कळत नाही. चाचणीत नेमका किती हादरा मोजला गेला, तो आकडा कंपनीच्या किंवा प्रयोगशाळेच्या फाइलमध्ये राहतो आणि सहसा जाहीर होत नाही.

आधी हा 'पास' म्हणजे काय ते पाहू. हेल्मेटमध्ये धातूचं डोकं बसवून ते पोलादी ऐरणीवर पाडतात आणि डोक्यातला सेन्सर कमाल हादरा 'जी'मध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या किती पट ते, मोजतो. अमेरिकेचं सीपीएससी (ग्राहक उत्पादनांच्या सुरक्षिततेसाठीचा सरकारी आयोग) मानक १९९९ पासून लागू आहे. त्यात सपाट ऐरणीवर साधारण २ मीटरवरून पाडतात, म्हणजे आदळताना वेग ६.२ मीटर प्रति सेकंद, आणि मर्यादा ३०० जी. युरोपच्या ईएन १०७८ मध्ये वेग ५.४२ आणि मर्यादा २५० जी. हा २५० चा आकडा पाहून युरोपचं मानक जास्त कडक, असं सर्रास सांगितलं जातं. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या डोक्यासाठी अमेरिकेचा फटका जवळपास ३१ टक्के जास्त ऊर्जेचा असतो. दोन्ही परीक्षा वेगळ्या आहेत, एक पास म्हणजे दुसरी पास असं धरता येत नाही.

हे फोमच्या पातळीवर बघितलं की लख्ख कळतं. ६.२ च्या वेगाने आलेलं डोकं ३०० जी न ओलांडता थांबवायचं, तर हादरा अगदी एकसारखा राहिला तरी किमान साडेसहा मिलिमीटर अंतर लागतं. प्रत्यक्षात तो एकसारखा राहत नाही, म्हणून जास्तच लागतं. हे अंतर फोमच्या, म्हणजे आपल्या साध्या भाषेत थर्माकोलच्या, चिरडण्यातून मिळतं. फोम मऊ असेल तर मोठ्या फटक्यात तो पूर्ण दबून तळाला लागतो आणि तिथून पुढे हादरा एकदम उसळतो. फार कडक असेल तर छोट्या फटक्यात तो दबतच नाही. त्यामुळे एकाच नावाच्या मॉडेलचा फोम दोन बाजारांसाठी वेगवेगळा असू शकतो. एका आवृत्तीचा निकाल दुसरीला चिकटवू नका. तुलना करताना ही चूक सगळ्यात जास्त होते.

दुसरी उणीव अशी की या दोन्ही मानकांत डोकं सरळ खाली पडतं. सायकलवरून पडणारा माणूस पुढेही जात असतो, डोकं रस्त्यावर तिरकं घासत आदळतं आणि गरकन फिरतं. मेंदूला इजा करण्यात या फिरण्याचा मोठा वाटा असतो, आणि इथे तो मोजलाच जात नाही. म्हणून स्वतंत्र चाचण्या शोधायच्या.

पहिलं ठिकाण व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची हेल्मेट प्रयोगशाळा. २०१८ पासून ते सायकल हेल्मेटचे निकाल सगळ्यांसाठी खुले ठेवतात. ऐरण ४५ अंशात तिरकी असते आणि रस्त्यासारखं घर्षण यावं म्हणून तिच्यावर सँडपेपर लावलेला असतो. सहा जागा, दोन वेग (४.८ आणि ७.३ मीटर प्रति सेकंद), आणि एका मॉडेलवर एकूण २४ फटके. सरळ हादरा आणि फिरण्याचा वेग या दोन्हींवरून धोक्याचा एक गुणांक काढतात. गुणांक जितका कमी तितकं हेल्मेट चांगलं. या गुणांकावरून हेल्मेटला पाचपर्यंत तारे मिळतात, पण नुसते तारे बघून थांबू नका, कारण पाच तारेवाल्या दोन हेल्मेटच्या गुणांकांतही बराच फरक असू शकतो.

दुसरं ठिकाण म्हणजे स्वीडनची फोल्कसाम ही विमा कंपनी. ती २०१२ पासून हेल्मेट बाजारातून विकत घेऊन तपासते आणि सरळ व तिरक्या दोन्ही फटक्यांचे निकाल देते. ते वाचताना एक सांभाळा: सरासरीपेक्षा इतके टक्के चांगलं, असं लिहिलेलं असतं तेव्हा ती सरासरी त्याच चाचणीतल्या हेल्मेटांची असते. एका वर्षाचे टक्के दुसऱ्या वर्षाच्या टक्क्यांशेजारी मांडून काहीच हाती लागत नाही. जाहिरातीतल्या टक्क्यांना तर मी एकच प्रश्न विचारतो: कशाच्या तुलनेत? उत्तर छापलेलं नसेल तर तो आकडा सोडून द्यावा.

यादीत शोधताना पूर्ण नाव जुळवा. फिरण्याचा जोर कमी करणारा सरकता थर असलेलं आणि नसलेलं, अशी एकाच मॉडेलची दोन रूपं विकली जातात. नावात फरक फक्त शेवटच्या शब्दाचा. किमतीवरून अंदाज बांधू नका. महाग हेल्मेटमध्ये बरेच पैसे हलकेपणाचे आणि हवा खेळण्याचे असतात.

हवं ते हेल्मेट कुठल्याच यादीत नसेल, आणि बहुतेक वेळा तसंच होतं, तर कागद तपासा. युरोपात विकल्या जाणाऱ्या हेल्मेटसोबत अनुरूपतेचं घोषणापत्र (हेल्मेट नियमांनुसार आहे असं निर्मात्याचं लेखी निवेदन) किंवा ते जिथे मिळेल तो इंटरनेट पत्ता द्यावाच लागतो. त्यात तपासणाऱ्या संस्थेचा चार आकडी क्रमांक असतो. तो युरोपीय आयोगाच्या 'नँडो' या तपासणी संस्थांच्या यादीत टाकून पाहता येतो. अमेरिकेतली स्नेल फाउंडेशन ही हेल्मेट तपासणारी संस्था प्रमाणित हेल्मेटांची यादी देते आणि नंतरही बाजारातून नमुने उचलून पुन्हा तपासते. तिच्या बी-९५ मानकात सपाट ऐरणीवरची उंची २.२ मीटर आहे. 'सीपीएससी मान्यताप्राप्त' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा. सीपीएससी कुठल्याही हेल्मेटला मान्यता देत नाही, मानक पाळल्याची हमी निर्माता किंवा आयातदार देतो.

शेवटी परत मागवलेल्या मालाच्या याद्या: अमेरिकेसाठी सीपीएससीची, युरोपसाठी 'सेफ्टी गेट'. तिथे फोमइतकंच पट्ट्याकडे लक्ष द्या. पट्टा ताणला जाणं, धक्क्याने हेल्मेट डोक्यावरून निसटणं, अशा कारणांनीही हेल्मेट परत मागवली जातात. या याद्यांत मॉडेलसोबत बऱ्याचदा उत्पादनाची तारीखही असते. ती जुळवायला पॅडिंग उचलून पुन्हा तोच स्टिकर वाचावा लागतो: ईएन १०७८ च्या हेल्मेटवर वर्ष आणि तिमाही, सीपीएससीच्या हेल्मेटवर महिना आणि वर्ष.