डावं पान

आमच्या पाककृतींच्या वहीला दोनच नियम आहेत. लिहायचं ते उजव्या पानावर. डावं पान कोरं सोडायचं, कारण ते आपलं नव्हे. वही ज्याच्या घरी जाईल त्याने तो पदार्थ करून बघायचा आणि काय झालं ते डाव्या पानावर लिहायचं. उजव्या पानावरचं काही खोडायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

वही म्हणजे जाड पुठ्ठ्याची, लाल पाठीची, हिशेबाला घेतात तसली. परळ, पार्ले, मुलुंड, ठाणे अशी सात घरं हिंडते. देवाणघेवाण बहुतेक दादरच्या पुलावर, कारण पश्चिमवाले आणि मध्यवाले एकमेकांना धक्के मारतात ते तिथेच. संध्याकाळच्या गर्दीत दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेली वही एका पर्समधून दुसऱ्या पर्समध्ये जाते. बघणाऱ्याला वाटावं, काहीतरी भानगड आहे.

मी यात आले ती ऑफिसातल्या मैत्रिणीमुळे. "डबा उघडलास की अर्धा तास बोलतेस, तेच लिही की," म्हणाली. मलाही वाटलं, त्यात काय मोठं! रविवारी सकाळी पेन घेऊन बसले आणि लिहिलं: डाळिंबी उसळ. दोन वाट्या वाल.

तिथेच अडले. कुठली वाटी? घरातल्या चार वाट्या काढून पाणी ओतून मोजल्या. सर्वांत लहान भरली ११० मिली आणि सर्वांत मोठी, आहेरात आलेली, १८०. इतकी वर्षं मी 'वाटीभर' म्हणत होते ते नक्की काय, हे मलाच ठाऊक नव्हतं. मग गुळापाशी गाडी आली आणि आईला फोन लावला.

"आई, उसळीत गूळ किती घालतेस?"

"लागेल तेवढा."

"म्हणजे किती गं?"

"सुपारीएवढा."

"अख्ख्या सुपारीएवढा की खांडाएवढा?"

पलीकडे जरा शांतता. "तुला बरं नाहीये का?"

तिचं तरी काय चुकलं? आपलं सगळं स्वयंपाकघर अशाच मापांवर चालत आलंय. लिंबाएवढी चिंच, पेरभर आलं, चिमूटभर हिंग, खमंग वास सुटेपर्यंत भाजणं. भाताचं पाणी तर बोटाच्या पेरावर, आणि बोट ज्याचं त्याचं. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं देऊन नव्या संसारांवर केवढे उपकार केले, ते मला त्या रविवारी कळलं. बरं, जुनी माणसं मापात नेमकी होती म्हणावं तर तिथेही गंमत. आजीच्या वहीत पावशेर लिहिलंय. शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे पावशेर २० तोळे, साधारण २३३ ग्रॅम. १९५६ च्या कायद्याने किलो-ग्रॅम आले, शेर गेला, पण शब्द काही जिभेवरून उतरला नाही. आम्ही पाव किलोलाच पावशेर म्हणत राहिलो. म्हणजे आजीच्या प्रत्येक पदार्थात आम्ही १७ ग्रॅम जास्तीचे घालत आलोय आणि वर म्हणतोय, आजीच्या हाताची चव नाही.

तर, उसळ लिहिली. कडवे वाल रात्री भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे. मुंबईच्या दमटपणाचा एवढा एक फायदा, दुसऱ्या दिवशी मोड हजर. मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे. हे सोलणं मी अर्धं पान लिहिलं, आणि ते मला अजूनही आवडतं. फुगलेलं साल, त्यात आपण अंगठा आणि तर्जनीने हलकेच दाबलं की दाणा सुळकन बाहेर. जरा जोर जास्त झाला की तो थेट फ्रिजखाली. दोन डाळी सुट्या न होता, मोडाच्या शेपटीसकट अख्खा निघाला तर जीव सुखावतो. फोडणी, जिरं-खोबऱ्याचं वाटण, गूळ, आमसूल हे मग भराभर उरकलं. ते काय, सगळ्यांना येतंच.

दोन महिन्यांनी वही परत आली. डावं पान भरून वाहत होतं.

परळच्या वहिनी सीकेपी. त्यांनी लिहिलं होतं: 'आमच्यात ह्याला बिरडं म्हणतात. तुमच्या पद्धतीने बिनकांद्याचं केलं. सासूबाईंनी विचारलं, चातुर्मास लागला का? दुसऱ्या वेळी कांदा आणि नारळाचं दूध घातलं. संपलं.' त्या 'संपलं'मधली जखम मला दोन दिवस पुरली.

ठाण्याच्या ताईंनी दादरच्या बाजारातून सोललेले वाल आयते आणले होते आणि तसं प्रामाणिकपणे कबूलही केलं होतं. माझं अर्धं पान वाया! (आयते वाल चांगले असतात. मीही आणते. पण लिहून देत नाही.)

खरा दणका दिला मुलुंडच्या काकांनी. निवृत्त इंजिनियर, अक्षर छापल्यासारखं. 'वाल ४० मिनिटांनंतरही कच्चे. वाल, पाणी, गूळ व आमसुले एकत्र शिजत ठेवली होती. कोणती वस्तू केव्हा घालावी याचा उल्लेख आढळला नाही.'

मी उजवं पान पुन्हा वाचलं. खरंच नव्हता. आंबट आधी पडलं की कडधान्य शिजता शिजत नाही, दाणा हटून बसतो. माझ्या हातून आमसूल कधीच आधी पडत नाही, वाल बोटाने दबल्यावरच पडतं. पण हे मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही आणि मी कुणाला सांगितल्याचंही नाही. सोलण्याचं अर्धं पान लिहिलं आणि उसळ ज्यावर उभी असते ती ओळच राहिली. काकांनी बिचाऱ्यांनी तसेच टणक वाल खाल्ले असणार. टाकणारे वाटत नाहीत.

मागच्या शनिवारी वही घेऊन गिरगावात आईकडे गेले. म्हटलं, बघ, तुझी उसळ मुलुंडपर्यंत गेली. तिने चष्मा पुसला आणि उजवं पान ओळीवर बोट ठेवून वाचलं, परीक्षेचा पेपर तपासावा तसं. डावं पान वाचताना दोनदा हसली, बहुतेक परळला. मग म्हणाली, "पेन दे."

"आई, उजवीकडे खोडायचं नाही हं."

"खोडत नाहीये."

डाव्या पानाच्या तळाशी, काकांच्या अक्षराखाली उरलेल्या दोन बोटं जागेत तिने बारीक अक्षरात सुरुवात केली: 'हिने वाटण कच्चे लिहिले आहे. आमच्या घरी खोबरे भाजून घेतात.' जागा संपली. तिने पान उलटलं आणि पुढच्या कोऱ्या उजव्या पानावर नवं शीर्षक टाकलं, डाळिंबी उसळ, खाली दोनदा रेघ मारली आणि मला म्हणाली, "वाटी आण गं. नेहमीची."

वही अजून गिरगावातच आहे. पार्ल्याहून दोनदा फोन येऊन गेला.