नावे आणि जमा: वित्तीय लेखांकनाचे माझे पहिले वर्ष

बारावी शास्त्र शाखेतून उत्तीर्ण झाल्यावर मी २०१८ च्या जुलैमध्ये पुण्यातील एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. वर्गात शंभराहून अधिक मुले होती आणि त्यांतील बहुतेकांनी अकरावी-बारावीला पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय दोन वर्षे शिकलेला होता. वित्तीय लेखांकनाच्या पहिल्याच तासाला सरांनी रोजकीर्द (व्यवहारांची रोजची पहिली नोंद), खतावणी (त्या नोंदी ज्या-त्या खात्यावर उतरवणे) आणि तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांची दोन बाजूंची यादी) हे तीन टप्पे ‘तुम्हाला येतातच’ असे म्हणून दहा मिनिटांत संपवले आणि ते लेखांकनाच्या संकल्पनांकडे वळले. मला त्या तिन्हींपैकी एकही शब्द नीट ठाऊक नव्हता. हात वर करून तसे सांगण्याचे धैर्य त्या दिवशी झाले नाही आणि पुढच्या चार महिन्यांच्या अडचणीचे मूळ तिथेच होते, असे मला आज वाटते.

शेजारच्या मैत्रिणीने मला ‘नावे’ (डेबिट) आणि ‘जमा’ (क्रेडिट) या नोंदीच्या दोन बाजूंचे तीन नियम लिहून दिले. व्यक्तिगत खात्यात घेणाऱ्याला नावे आणि देणाऱ्याला जमा. संपत्ती खात्यात जे येते ते नावे आणि जे जाते ते जमा. नामधारी खात्यात खर्च व तोटे नावे आणि उत्पन्न व नफा जमा. मी हे नियम पाढ्यांसारखे पाठ केले. व्यवहार समोर आला की तो कोणत्या खान्यात बसतो ते शोधायचे आणि नियम लावायचे, एवढेच मी करत असे. सोपे व्यवहार त्यात बसत. पण ‘मालकाने घरखर्चासाठी दुकानातील माल नेला’ किंवा ‘आगीत माल जळाला आणि विमा कंपनीने अर्धाच दावा मान्य केला’ असे वाक्य आले की माझी पेन्सिल थांबत असे.

सर्वांत मोठा गोंधळ ‘जमा’ या एका शब्दाचा होता. माझ्या बँकेच्या पासबुकात पैसे भरले की ते ‘जमा’ रकान्यात येत. बोलतानाही आपण पैसे जमा झाले म्हणजे हातात आले असेच म्हणतो. पुस्तकात मात्र रोख रक्कम आली की रोख खाते ‘नावे’ होते. जे आले ते जमा न होता नावे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही मार्गदर्शकात सापडेना. वर्गात विचारले तेव्हा ‘नियम लक्षात ठेवा, सवयीने येईल’ असे उत्तर मिळाले. सवयीने येते हे खरे आहे. परंतु ज्याला कारण कळलेले नाही त्याची सवय परीक्षेच्या तणावात टिकत नाही, हे मी ऑक्टोबरच्या चाचणीत अनुभवले. वीसपैकी सहा गुण मिळाले. तेरजेच्या दोन बाजू जुळल्या नाहीत आणि मी फरकाची रक्कम निलंबित खात्यात, म्हणजे चूक सापडेपर्यंत फरक ठेवण्याच्या तात्पुरत्या खात्यात, टाकून मोकळी झाले होते. सरांनी त्या ओळीखाली लाल शाईने रेघ ओढली होती.

दिवाळीला मी बार्शीला घरी गेले. माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, तिथल्या एका आडत दुकानात जवळजवळ चाळीस वर्षे दिवाणजी होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ७ नोव्हेंबरला, त्यांनी नेहमीप्रमाणे नव्या कोऱ्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक काढले, ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिले आणि वहीची पूजा केली. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली आहेत, पण घरखर्चाची कीर्द ते अजूनही दौलतीसारखी जपतात. संध्याकाळी मी त्यांच्यापुढे माझे चाचणीचे पान ठेवले आणि जमेचा प्रश्न विचारला.

आबांनी फडताळातून तांबड्या कापडाच्या बांधणीची एक लांबट जुनी वही काढली. डाव्या पानाच्या माथ्यावर ‘जमा’ आणि उजव्या पानाच्या माथ्यावर ‘नावे’ असे होते. डावीकडे पहिल्या ओळीत ‘श्री शिल्लक’, म्हणजे आदल्या दिवशी पेटीत राहिलेली रोकड, आणि तिच्याखाली ज्यांच्याकडून पैसे आले त्यांची नावे व रकमा ओळीने लिहिल्या होत्या. मी गोंधळून म्हणाले, “आबा, आमच्या पुस्तकात डावी बाजू नावेची असते आणि उजवी जमेची. हे सगळं उलटं आहे.”

ते म्हणाले, “उलटं काही नाही, पोरी. गणपतनं पाचशे रुपये आणून दिले. आता हे जमा कुणाचे?”

“आपले,” मी म्हणाले.

“आपले कसे? पैसे गणपतनं दिले, म्हणून ते गणपतच्या खाती जमा. पेटी तर माझ्या पुढ्यात आहे, तिचं खातं वेगळं कशाला लिहू? संध्याकाळी मोजली की तिचा हिशेब कळतो.”

त्या एका वाक्याने चार महिन्यांचा गुंता सुटला, असे मी अतिशयोक्ती न करता म्हणू शकते. आबांच्या कीर्दीतील डावीकडची नोंद गणपतविषयी बोलत होती: त्याने दिले, म्हणून त्याचे जमा. माझ्या पुस्तकातील रोकड पुस्तकाची डावी बाजू पेटीविषयी बोलत होती: पेटीने घेतले, म्हणून पेटीच्या नावे. पैसे तेच आणि पानाची बाजूही तीच, पण एका पद्धतीने देणाऱ्याचे नाव घेतले होते आणि दुसरीने घेणाऱ्याचे. पासबुकाचेही कोडे त्याच क्षणी उलगडले. पासबुक हे माझे पुस्तक नसून बँकेच्या खातेवहीतील माझ्या खात्याची प्रत आहे. मी बँकेला दिले, म्हणून बँकेच्या पुस्तकात माझे जमा. मी स्वतःचे पुस्तक लिहिले तर त्याच पैशांसाठी बँक नावे होईल, कारण ते पैसे आता बँकेकडून मला येणे आहेत.

‘नावे’ हा शब्दही त्या संध्याकाळी माझ्यासाठी बदलला. ‘हे त्याच्या नावे मांडून ठेवा’ असे आपण किराणा दुकानात ऐकतो, तेव्हा त्याने घेतले आहे आणि त्याला त्याचा जबाब द्यायचा आहे, असाच अर्थ असतो. पेटीने रोकड घेतली, गोदामाने माल घेतला, भाड्याच्या खात्याने महिन्याच्या जागेचा खर्च अंगावर घेतला. सगळ्यांना जबाब द्यायचा आहे. तीन नियम मुळात एकाच वाक्याची तीन रूपे आहेत, हे कोणी सुरुवातीलाच सांगितले असते तर किती बरे झाले असते. इटलीतील लुका पाचोली या गणिती धर्मगुरूने १४९४ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत ग्रंथात छापली, एवढे आम्हाला एका गुणासाठी पाठ करायला लावले होते. त्या पद्धतीत प्रत्येक देण्यासमोर एक घेणे उभे असते, हा तिचा गाभा मात्र मला आबांच्या वहीने दाखवला.

पुण्याला परतल्यावर मी नियमांचा कागद बाजूला ठेवला आणि रोज पाच व्यवहार लिहू लागले. प्रत्येक व्यवहारासाठी दोनच प्रश्न: कोणी घेतले आणि कोणी दिले. मालकाने घरी नेलेल्या मालाचेही उत्तर त्यातून आले. मालकाने घेतले, म्हणून उचल खाते (मालकाने स्वतःसाठी काढलेल्याचे खाते) नावे. दुकानाच्या खरेदीतून माल गेला, म्हणून खरेदी खाते जमा. खतावणी करताना प्रत्येक रकमेपुढे खाते पान क्रमांक लिहिण्याचा कंटाळा मी आधी करत असे, तोही सोडला, कारण चूक शोधायची वेळ येते तेव्हा हाच क्रमांक परतीची वाट दाखवतो.

डिसेंबरमधील एका उदाहरणाची तेरीज अशीच जुळेना. फरक १८० रुपयांचा होता. या वेळी निलंबित खात्याचा आधार घ्यायचा नाही, असे ठरवून मी आबांनी सांगितलेल्या दोन कसोट्या लावल्या. पहिली अशी की फरकाचा निम्मा करावा आणि तेवढी रक्कम चुकीच्या बाजूला लिहिली गेली आहे का ते पाहावे. ९० रुपयांची नोंद कुठेच नव्हती. दुसरी अशी की फरकाला नऊने भाग जात असेल तर बहुधा एखाद्या रकमेतील दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. १८० ला नऊने भाग जातो. मी पुन्हा पहिल्या पानापासून निघाले आणि वाहतूक खर्चाच्या खात्यात ३,६८० ऐवजी ३,८६० उतरवलेले सापडले. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि वसतिगृहातील खोलीत मी एकटीच जागी होते. ती रक्कम खोडून बरोबर लिहिताना झालेला आनंद मला अजून आठवतो.

त्यानंतरचा अभ्यासक्रम सोपा गेला असे नाही, पण तो अनोळखी राहिला नाही. भांडवल ताळेबंदात, म्हणजे मालमत्ता आणि देणी यांच्या तक्त्यात, देण्यांच्या बाजूला का असते, हे पूर्वी मला खटकत असे. व्यवसाय आणि मालक या दोन वेगळ्या व्यक्ती मानल्या की व्यवसायाने मालकाकडून घेतलेले पैसे हे व्यवसायाचे मालकाला देणे आहे, हे आपोआप कळते. घसाऱ्याचा, म्हणजे वापराने यंत्राच्या किमतीत होणाऱ्या घटीचा, अर्थ मात्र उशिरा लागला. एक लाखाच्या यंत्रावर दहा टक्के घसारा सरळ रेषा पद्धतीने दरवर्षी १०,००० रुपये होतो आणि घटत्या शिल्लक पद्धतीने पहिल्या वर्षी १०,०००, दुसऱ्या वर्षी ९,०००, तिसऱ्या वर्षी ८,१००, हे गणित कोणालाही येईल. पण घसारा लिहिला म्हणून कुठल्याही पेटीत पैसे बाजूला पडत नाहीत, यंत्रासाठी एकदाच दिलेली रक्कम ते यंत्र ज्या वर्षांत कामाला येते त्या वर्षांवर वाटून खर्ची टाकली जाते, हे समजायला मला फेब्रुवारी उजाडला.

समायोजनांना, म्हणजे खर्च-उत्पन्न ज्या-त्या वर्षात बसवणाऱ्या वर्षअखेरच्या नोंदींना, मुले सर्वांत जास्त घाबरतात, आणि माझ्या मते तोच या विषयाचा सर्वांत प्रामाणिक भाग आहे. १ जुलैला वर्षाचा १२,००० रुपये विमा हप्ता भरला आणि ३१ मार्चला पुस्तके बंद करायची असतील, तर नऊ महिन्यांचे ९,००० रुपयेच या वर्षाचा खर्च आहेत. उरलेले ३,००० पूर्वदत्त, म्हणजे आगाऊ दिलेला खर्च, म्हणून मालमत्तेत जातात. पैसे केव्हा दिले हा प्रश्न इथे मागे पडतो आणि त्या पैशांचा लाभ कोणत्या वर्षाने घेतला हा पुढे येतो. प्रत्येक समायोजनेचे दोन परिणाम मी उत्तरपत्रिकेच्या उजव्या समासात आधी लिहून काढत असे आणि मगच अंतिम खात्यांना हात घालत असे. एप्रिलमधील वार्षिक परीक्षेत माझा ताळेबंद पहिल्या प्रयत्नात जुळला.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा आईने तिचा पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला. तिने आदल्या एप्रिलपासून शेंगदाण्याची चटणी करून विकायला सुरुवात केली होती. डब्यात ४,३०० रुपये होते. “वर्षभर राबले आणि हाताला एवढेच लागले,” असे ती म्हणाली, आणि तिचा स्वर मला सहन होण्यासारखा नव्हता. मी तिच्या चिठ्ठ्या, दुकानदारांच्या उधारीची वही आणि तिची आठवण, अशा तिन्हींच्या आधारे दोन दिवस बसून ३१ मार्च २०१९ रोजी संपलेल्या वर्षाची खाती लिहिली.

तिने सुरुवातीला १५,००० रुपये घातले होते. रोखीची विक्री १,१२,००० रुपयांची होती आणि दुकानदारांकडून ११,६०० रुपये येणे होते. शेंगदाणे, मिरची, लसूण यांची खरेदी ७१,४०० रुपयांची; त्यांतील साधारण ६,००० रुपयांचा माल आमच्याच स्वयंपाकघरात गेला होता आणि ५,२०० रुपयांचा माल शिल्लक होता. कांडपाचे ९,८००, पिशव्या व लेबलांचे ७,३००, वाहतुकीचे ४,१००, गॅसचे ६,४००, आणि ९,००० रुपयांना घेतलेल्या वजनकाटा व पाकिटे बंद करण्याच्या यंत्रावर दहा टक्क्यांनी ९०० रुपये घसारा. निव्वळ नफा ३४,९०० रुपये निघाला. आई कितीतरी वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. मी तिला उधारीची वही, पोत्यातील शेंगदाणे आणि कोपऱ्यातील यंत्र दाखवले. नफा डब्यात नव्हता, पण तो इथे होता.

तरीही रोकड जुळत नव्हती. आलेल्या पैशांतून सगळे खर्च वजा केले तर डब्यात १९,००० रुपये असायला हवे होते. १४,७०० रुपयांची कुठेच चिठ्ठी नव्हती. मी विचारले तेव्हा आई आधी काही बोलली नाही, मग म्हणाली, “तुझ्या मेसचे दर महिन्याचे पैसे त्यातूनच जात होते. ते कशाला लिहितेस?”

मी उचल खात्यात ती रक्कम लिहिली. त्यानंतर मालमत्तेच्या बाजूला रोकड, येणे, माल आणि यंत्रे मिळून २९,२०० रुपये झाले, आणि दुसऱ्या बाजूला भांडवलात नफा मिळवून दोन्ही उचली वजा केल्यावर तेवढेच, २९,२०० रुपये. आबांनी चष्मा लावून दोन्ही बेरजा स्वतः पुन्हा केल्या आणि पानाच्या माथ्यावर माझ्याकडून राहून गेलेला ‘श्री’ लिहिला.