दुसरा भाग तिसऱ्या पेटीत

२६ फेब्रुवारी, रात्री साडेदहा

हात दोनदा धुतले तरी जुन्या कागदाचा वास काही जात नाही. उद्या मराठी भाषा गौरव दिन. दरवर्षीप्रमाणे आमच्या ग्रंथालयातल्या प्रदर्शनाची सगळी तयारी आदल्या दिवशी सुरू झाली आणि आदल्या रात्री संपली. काचेच्या पेट्या तीनच: इतिहास, साहित्य आणि विद्यार्थ्यांचे काम. पहिल्या दोन दारासमोर, पाहुणे फीत कापतात तिथे. तिसरी जिन्याखाली, वॉटर कूलरच्या शेजारी. ही मांडणी कोणी ठरवली माहीत नाही. मी नोकरीला लागले तेव्हापासून अशीच आहे, आणि खरं सांगायचं तर आजवर मला त्यात काही खटकलंही नव्हतं.

सकाळ दुर्मिळ विभागात गेली. शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापलेल्या दोन जुन्या पोथ्या काढल्या. दीडशे वर्षांचा कागद, पण पान उलटताना हूं की चूं नाही. चिंध्यांच्या लगद्याचा कागद असा टिकतो. याउलट १९३० च्या आसपासचं एक मासिक कपाटातून उचललं, तर कडांचा भुगा टेबलावर पडला. लाकडाच्या लगद्यात आम्ल असतं, ते कागदाला आतून खात राहतं. नवीन मुलांना याचं नेहमी आश्चर्य वाटतं. त्यांना वाटतं, जुनं ते जास्त नाजूक.

दुपारी एम. ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाची ती मुलगी कार्डं लावायला आली. बोलते कमी, पण बघते फार. इतिहासाच्या पेटीपाशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मुक्ता साळवे इथे कशी? ती तर शाळेत होती."

पेटीत मुक्ताच्या निबंधाची छायाप्रत ठेवली होती. मूळ अंक आमच्याकडे नाही, आणि तसं कार्डावर स्पष्ट लिहिलंय. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, चौदाएक वर्षांची मुलगी. तिचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात १८५५ साली दोन भागांत आला, १५ फेब्रुवारीला आणि १ मार्चला. म्हणजे त्या वर्षी आजच्या तारखेला पहिला भाग वाचून झालेले लोक दुसऱ्याची वाट बघत असणार. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही, असं ती त्यात सरळ मांडते. पेशवाईत तिच्या लोकांचे झालेले हाल सांगते. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांचं दुःख सांगते. मी हा निबंध कितीदा वाचलाय, पण दर वेळी 'दस्तऐवज' म्हणून. एका मुलीने शाळेत लिहिलेलं काहीतरी, असं कधी मनातच आलं नाही.

बाजूच्या साहित्याच्या पेटीत सावित्रीबाईंचा 'काव्यफुले', १८५४ चा. बाईंचं पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. आम्ही मात्र दोघींना वेगवेगळ्या काचांखाली ठेवलं होतं.

मुक्ताला विद्यार्थ्यांच्या पेटीत नेऊ का, असं सरांना विचारलं. ते म्हणाले, पाहुणे पहिल्या पेटीपाशीच थांबतात, फोटोही तिथेच निघतात, ती छायाप्रत हलवू नका. त्यांचंही चूक नव्हतं. जिन्याखाली नेली असती तर पाणी प्यायला येणाऱ्यांशिवाय कोणी पाहिली नसती. मी गप्प बसले. मुलगी म्हणाली, "पण निबंध दोन भागांत आहे ना?"

झालं. पहिला भाग इतिहासात राहिला, दुसरा तिसऱ्या पेटीत गेला. खाली कार्ड: 'पुढील भाग विद्यार्थ्यांच्या पेटीत, जिन्याजवळ.' ज्याला पुढचं वाचायचंय त्याने चालत जायचं. शेवटी शेवटी मुक्ता आपल्या लोकांना ज्ञानाचं औषध घ्या म्हणते, ते आता वॉटर कूलरशेजारी मिळेल. सर हसले आणि हो म्हणाले.

एकाच गोष्टीवरून आमचा वाद झाला. मुक्ताला खाऊ देऊ केला तेव्हा 'खाऊ नको, ग्रंथालय द्या' असं ती म्हणाली, हा प्रसंग मुलीला कार्डावर ठळक हवा होता. ग्रंथालयातल्या प्रदर्शनाला याहून चांगलं काय मिळणार! पण मी 'असे सांगतात' हे दोन शब्द घालायला लावले. तिला ते कंजूसपणाचं वाटलं. वाटू दे. निबंध छापील आहे, तो हातात धरता येतो. प्रसंग ऐकीव आहे.

तिसऱ्या पेटीत आणखी काय काय आहे: एकाने पणजोबांच्या जमिनीच्या मोडी कागदाचं बाळबोध लिप्यंतर केलंय, चार ठिकाणी प्रश्नचिन्हं ठेवून (मला त्या प्रश्नचिन्हांचंच जास्त कौतुक वाटलं). दोन कवितांच्या वह्या आहेत. एक भित्तिपत्रक आहे, त्यातली शुद्धलेखनाची चूक मी मुद्दाम दुरुस्त केली नाही. आणि या मुलीने आजीकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या.

माझा स्वतःचा एम. फिल.चा प्रबंध तळघरात आहे. बारकोड लागलाय, पण कोणी नेल्याच्या तारखांचा कागद कोरा. असो.

सात वाजता कुलूप लावताना ओव्यांच्या कार्डाकडे लक्ष गेलं. 'संकलन' म्हणून मुलीचं पूर्ण नाव, वर्ग, हजेरी क्रमांक. आजीचं नाव कुठेच नाही. विचारलं तर लाजली आणि म्हणाली, "लिहायला हवं का? तिला वाचता येत नाही." प्रिंटर बंद झाला होता. मग तिने माझं पेन घेऊन कार्डावर, स्वतःच्या नावाच्या वर, आजीचं नाव लिहिलं. अक्षर थोडं तिरकं आलंय. शाई वाळेपर्यंत काच उघडी ठेवून आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.