वाजवून घ्यावं की नाही

काळा घोडा भागात 'जहांगीर'मधलं प्रदर्शन बघून झालं, की मी आसपासच्या गल्ल्यांतल्या लहान दालनांत डोकावतो. चित्रं फुकट, एसीही फुकट. परवा अशाच एका दालनात चौथऱ्यावर मातीचं काहीतरी ठेवलेलं होतं. चुकून दुमडलेली पोळी म्हणावी, तर तिच्या कुशीतून बोळक्याचं तोंड बाहेर आलेलं. हिरवी झिलई ओघळत खाली आली होती आणि अगदी कडेवर पाकाच्या थेंबासारखी थिजली होती. एका बाजूला, सुपारीएवढा, लालभडक डाग. पाटीवर 'शीर्षक नाही, स्टोनवेअर' एवढंच. किंमत विचारली. आमचं तीन महिन्यांचं घरभाडं.

अर्थ लागला नाही याचं मला काही वाटलं नाही. बोटं शिवशिवत होती ती वेगळ्याच कारणाने. आई माठ घ्यायची तेव्हा आधी बोटाच्या पेराने टकटक करायची. खणखणला तर घरी, भद्द वाजला तर पुढचा. कुंभारही रागवत नसे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट ऐकत वाढलेले आपण. मातीची वस्तू न वाजवता घ्यायची कशी? आणि इथे पाटी : हात लावू नये.

टेबलामागची मुलगी स्वतः माती मळणारी निघाली. "आतून पोकळ आहे," ती म्हणाली. जाड भरीव गोळा आत ओल ठेवतो, भट्टीत त्या ओलीची वाफ होते आणि वस्तू फुटते. वाळताना नि भाजताना माती दहा-बारा टक्के आकसते, म्हणजे घडवणाऱ्याने हातात धरलेला आकार आपल्याला कधी दिसतच नाही. ५७३ अंशांवर मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं, निवताना तिथेच आक्रसतं. घाई केली की तडा. पुढे १२०० च्या वर गेली की माती दगडासारखी घट्ट होते. आणि तो डाग? झिलईत तांबं. भट्टीत हवा भरपूर असली तर हिरवं, कोंडली तर लाल.

"मग ही आमच्या लोणच्याच्या बरणीची चुलत बहीणच की!"

"सख्खी म्हणा," ती हसली. दालनात तिसरं कोणी नव्हतं. तिने नखाने हलकेच टिचकी मारली. खण्ण.

"पक्कं आहे," मी जाणत्यासारखा म्हणालो.

"पाठवू का घरी?"

मी घड्याळ बघितलं, लोकलची वेळ झाली होती म्हणे.

रात्री स्वयंपाकघरात बरणीवरही टिचकी मारून पाहिली. भद्द. दचकून झाकण काढलं, तर कैरी गळ्यापर्यंत भरलेली.