कूलरच्या बाजूला मिटलेली भेग

सावद्याहून फोन आला, "सागाच्या टेबलाला भेग पडली आहे. तेवढी भरून द्या, आखाजीला लेकी येणार आहेत." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. भुसावळला माझा सुतारकामाचा कारखाना आहे आणि उन्हाळ्यात असे फोन नेहमीचेच. आमच्याकडे पारा ४५ च्या वर गेला की दारं आखडतात, खुर्च्यांचे कुसू, म्हणजे सांध्याच्या भोकात बसणारी टोकं, ढिले पडतात, चौरंग डुगडुगायला लागतात. लोकांचा निकाल ठरलेला असतो: लाकूड कच्चं निघालं. मी लांबीचा, म्हणजे भेगा भरायच्या पुट्टीचा, डबा घरीच ठेवला आणि ओलावा मोजायचं मीटर आणि स्टीलची टेप घेऊन निघालो.

घर एका निवृत्त शिक्षकांचं. मागच्या ओसरीत त्यांनी सुतारकामाची जागा केली आहे. घरी हौसेनं काम करणारे बरेच जण मी पाहतो. आधी मोठी मशीन येते, आणि धार लावायचा दगड काही येत नाही. गुरुजींकडे मशीन म्हणून फक्त एक ड्रिल. बाकी रंधे, पटाश्या, करवती, गुण्या आणि बाभळीची मोगरी. मी एक पटाशी उचलून मनगटावर हलकेच फिरवली, केस साफ निघाले. सागाच्या लाकडात सिलिका असते, ती पोलादाची धार खाते. साग तासूनही ज्याची पटाशी अशी राहते तो माणूस दगडापाशी किती वेळ बसत असेल हे आम्हालाच कळतं. माझ्या कारखान्यातल्या पोरांनी ती ओसरी एकदा पाहावी असं मला फार वाटलं.

टेबल सहा फूट बाय तीन फूट. लाकूड आजोबांच्या धाब्याच्या घरातल्या तुळयांचं. घर उतरवलं तेव्हा राखून ठेवलेलं. गुरुजींनी खिळे एकेक करून उपसले, गिरणीवर फळ्या पाडून घेतल्या आणि गेल्या श्रावणात टेबल केलं. सांधे इतके घट्ट की नखाला लागत नव्हते. खालून तीन आडव्या पट्ट्या, आधी फेविकॉल, मग दर चार इंचांवर स्क्रू. भेग सांध्यात नव्हतीच. सांधा जागच्या जागी होता आणि त्याच्या शेजारची फळी उभी चिरली होती.

नाशिकचा मुलगा फोनवर होता. त्याचं म्हणणं, "पट्ट्या कमी पडल्या असतील. अजून दोन मारा आणि भेग भरून टाका." गुरुजी काही बोलले नाहीत. आपण केलेल्या वस्तूबद्दल दुसऱ्याचं असं ऐकून घेणं सोपं नसतं.

मी टेप लावली. दाराकडच्या टोकाला भेग ७ मिलिमीटर उघडी होती. खिडकीकडे सरकताना ती बारीक होत गेली आणि खिडकीकडच्या टोकाला पूर्ण मिटली. खिडकीकडची रुंदी मूळच्या ९१४ मिलिमीटरपेक्षा जेमतेम २ ने कमी. दाराकडे भेग वजा केली तर नुसतं लाकूड १० ने कमी. एकच टेबल, त्याच फळ्या. मीटरच्या सुया टोचल्या: खिडकीपाशी ओलावा १३ टक्के, दारापाशी ८.

मान वर केली तर खिडकीत कूलर. होळीपासून तो दिवसभर चालू, आणि वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा सरळ टेबलाच्या त्या टोकावर. म्हणजे एका टोकाला श्रावण चालूच राहिला होता आणि दुसऱ्या टोकाला वैशाख लागला होता.

साग हलायला तसा कमी, म्हणूनच त्याचा मान. तरी ओलावा एक टक्का उतरला की सपाट कापाची फळी रुंदीत साधारण ०.२ टक्का आकसते. तीन फुटांच्या टेबलाला पाच-सहा टक्के ओलावा गेला तर हिशोब एक सेंटिमीटरवर जातो. लांबीत मात्र लाकूड जवळजवळ हलतच नाही. आडव्या पट्टीची लांबी आणि टेबलाची रुंदी एकाच दिशेत येतात. पट्टी जागची हलत नाही, टेबलाला आकसायचंय, आणि दोघांना फेविकॉलनं आणि स्क्रूनं जखडलेलं. मग लाकूड जिथे सर्वांत नाजूक तिथे फाटतं. वर पॉलिश फक्त वरच्या अंगाला होतं, खालचं अंग कोरं, त्यामुळे खालून ओलावा भराभर आत-बाहेर करत होता. मुलाच्या सांगण्याप्रमाणे अजून दोन पट्ट्या मारल्या असत्या तर अजून एक भेग मिळाली असती. आणि भेगेत लांबी भरली असती तर आषाढात फुगणाऱ्या फळीला मिटायला जागाच उरली नसती.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण भाऊ, शंभर वर्षांचं मुरलेलं लाकूड आहे हे. अजून हलतं?"

हा समज मला रोज भेटतो, सुतारांकडूनही. लाकूड कितीही जुनं असो, हवेतला ओलावा घेणं आणि सोडणं ते थांबवत नाही. "मग तुळई का नाही फाटली?" त्यांचा पुढचा प्रश्न. तुळई दोन टोकांना भिंतीवर नुसती टेकलेली होती, तिच्या रुंदीला कोणी बांधलं नव्हतं. तरी अंगावर बारीक चिरा असतीलच. त्या होत्या, त्यांनी दाखवल्या.

पण खरं उत्तर मला अंगणात दिसलं. त्याच जुन्या घराचं दार तिथे भिंतीला टेकवून ठेवलं होतं. चौकटीच्या आत दिलहे, म्हणजे मधल्या फळ्या, बसवलेले, आणि प्रत्येक दिलह्याच्या कडेला, तेल न लागलेल्या कोऱ्या लाकडाची एक फिकट रेघ. दिलहा खाचेत मोकळा ठेवलेला असतो. उन्हाळ्यात तो आकसतो, खाचेतून थोडा बाहेर येतो आणि आत लपलेली कोरी कड दिसते. पावसाळ्यात ती परत आत जाते. गुरुजी म्हणाले, "ही रेघ मी लहानपणापासून पाहतोय." ते दार घडवणाऱ्या सुताराला टक्केवारी सांगता आली नसती, पण खाच किती खोल ठेवायची हे त्याला पक्कं माहीत होतं. आज आमच्या धंद्यात पोरं प्लायवूड आणि सनमायकावर तयार होतात. प्लाय हलत नाही, म्हणून लाकूड हलतं हे त्यांना कोणी शिकवतच नाही. ज्या दिवशी अस्सल सागाचं काम हातात येतं त्या दिवशी तेही गुरुजींसारख्याच पट्ट्या मारतात, आणि त्याचे पैसे घेतात. याचा मला राग येतो.

मग अवघड बोलणं आलं. दोन टोकांचा ओलावा सारखा झाल्याशिवाय सांधा करणार नाही, असं मी सांगितलं. वाकड्या मापावर केलेला सांधा पावसाळ्यात पुन्हा ओढ घेतो. टेबल पट्ट्या सोडवून ओसरीत सावलीला, दोन्ही अंगांना वारा लागेल असं उभं ठेवायचं. म्हणजे आखाजीला टेबल नाही. काकू दारातूनच म्हणाल्या, "मंग लेकी खालीच बसतीन का?" मी हो म्हणालो.

पट्ट्या त्याच दिवशी काढल्या. स्क्रू काढून ओलं फडकं आणि गरम इस्त्री, फेविकॉल मऊ झाला की पातळ पत्र्याची पट्टी सरकवत न्यायची. घाई केली की पट्टीबरोबर टेबलाची साल निघते.

आखाजी झाल्यावर मीटर दोन्हीकडे सारखं दाखवू लागलं तेव्हा गेलो. भेगेवरून करवत चालवून टेबल दोन केलं आणि दोन्ही भाग पुस्तकासारखे मिटून, कडा वर करून शेगड्यात, म्हणजे पकडीत, धरले. दोन्ही कडा एकदमच रंधायच्या. रंधा जरा तिरका धरला गेला तरी एका कडेचा तिरपा दुसरीच्या उलट येतो, आणि उघडून जोडलं की सपाट बसतं. रंधा गुरुजींनी चालवला. अखंड, कागदासारखा छिलका निघत होता. साग तेलकट, म्हणून ताज्या रंधलेल्या कडेलाच गोंद लावायचा, आणि तोही पहाटे. उन्हं चढल्यावर आमच्या हवेत फेविकॉलवर बघता बघता साय धरते. पट्ट्या परत बसवल्या त्या गोंदाशिवाय: मधलं भोक गोल, कडेची भोकं रुंदीच्या दिशेनं १२ मिलिमीटर लांबट, वॉशर लावून स्क्रू बेतानं आवळलेले. खालच्या अंगालाही तेवढेच पॉलिशचे हात. पट्टीच्या टोकाशी पेन्सिलनं खूण केली.

त्या दिवशी काकूंना "हो" म्हणताना त्यांचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. लेकी वर्षातून त्याच सणाला निवांत येतात. तात्पुरत्या दोन पट्ट्या सैल मारून टेबल उभं करता आलं असतं का, याचा विचार मी करतो. करता आलं असतं. पण मग कूलरही चालू राहिला असता आणि टेबलही तिथेच राहिलं असतं.

श्रावणात गुरुजींचा फोन आला. खूण एका बाजूला ४ मिलिमीटर सरकली आहे, सांधा तसाच. आता त्यांना कपाटाची दारं करायची आहेत, जुन्या दारासारखी दिलह्यांची, त्याच तुळयांच्या उरलेल्या लाकडातून. खाच किती खोल घेऊ, असं विचारत होते. मी म्हटलं, दिलहे आत्ता पावसाळ्यात बसवणार असाल तर खाचेत जवळजवळ तळापर्यंत जाऊ द्या, १२ मिलिमीटर खोलीत १० आत. वैशाखात बसवणार असाल तर फुगायला दोन्ही बाजूंना ४ मोकळे सोडा, आणि काही झालं तरी खाचेत गोंदाचा थेंब जाऊ देऊ नका. तेल मात्र दिलहा बसवायच्या आधी कडेपर्यंत द्या.