तंबोऱ्यातली घरघर आणि अडतीस हजारांची वायर

मी अ‍ॅम्प, रेकॉर्ड वाजवायचे टर्नटेबल, जुने डेक रिपेअर करतो, सोबत थोडंफार इलेक्ट्रिकचं पण बघतो, त्यामुळे पॉवर केबलने आवाज सुधारतो का हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. माझं उत्तर ठरलेलं असतं, नाही सुधारत. पण सदाशिव पेठेतल्या एका काकांकडे जे झालं ते सांगण्यासारखं आहे, कारण तिथे आवाज खरंच बदलला होता.

काका बँकेतून रिटायर झालेले, ऐकणं सगळं शास्त्रीय, तेही रेकॉर्डवर. डीलरने त्यांना अडतीस हजारांची पॉवर केबल विकली होती, बोटाएवढी जाड, वरून जाळीचं कव्हर. मला बोलावलं ते मीटरपासून अ‍ॅम्पपर्यंत वेगळी लाइन ओढायला, कारण दीड मीटर वायरीने एवढा फरक पडतो तर पूर्ण लाइनच बदलली तर काय होईल, असं त्यांचं गणित. मुलगा म्हणत होता बाबा हे सगळं मनाचे खेळ आहेत. काका भडकले, म्हणे, "अरे, पूर्वी मंद्र पंचम थरथरायचा, आता सरळ लागतो, मला कळत नाही का?"

आता हे वाक्य मला खटकलं. आवाज मोकळा झाला, स्टेज रुंद झालं असलं काही लोक बोलतात ते मी सोडून देतो, पण हा माणूस तंबोऱ्याची नेमकी एक तार सांगतोय. मी विचारलं जुनी वायर कुठे लावायचात? रॅकमागे एक एक्स्टेन्शन बोर्ड होता, त्यात. आणि नवीन? नवीन केबलचा टॉप, म्हणजे प्लग, 16 अँपिअरचा, तो बोर्डात बसेना म्हणून थेट भिंतीतल्या एसीच्या पॉइंटला.

झालं. म्हणजे केबल एकटी बदललीच नव्हती, सॉकेट पण बदललं होतं.

बोर्ड उघडला. तिसऱ्या, म्हणजे अर्थच्या, भोकामागची पितळी पट्टी चकचकीत, स्क्रू जसाच्या तसा, वायरच नाही. आतून आलेली वायर दोनच कोरची, फेज आणि न्यूट्रल. असले बोर्ड बाजारात ढिगाने मिळतात, वरून तीन भोकं, अर्थिंगच्या नावाने शिमगा. अ‍ॅम्प परत त्या बोर्डावर टाकला आणि बॉडी ते भिंतीतलं अर्थ मीटरने बघितलं तर नव्वदच्या आसपास व्होल्ट. लीकेजचं असतं ते, करंट अगदी किरकोळ, पण बॉडी अशी अर्थशिवाय तरंगत राहिली की टर्नटेबलच्या नाजूक सिग्नलमध्ये हम, म्हणजे लाइनची घरघर, घुसतो. मी अ‍ॅम्पच्या बॉडीला बोट लावलं की हम कमी, काढलं की परत.

तंबोऱ्याचं कोडंही तिथेच सुटलं. ती रेकॉर्ड काळी एकची (पेटीवरची पहिली काळी पट्टी), म्हणजे षड्ज साधारण 138-139 हर्ट्झ, त्याखालचा पंचम 104 च्या आसपास. आपली लाइन 50 हर्ट्झची, तिच्या हममध्ये 100 पण असतो. 100 आणि 104 एकत्र वाजले की सेकंदाला चारेक वेळा आवाज डुलणार, तार थोडी उतरलेली असताना डुलतो तसाच. काकांचा कान शंभर टक्के बरोबर होता, श्रेय फक्त चुकीच्या वस्तूला गेलं होतं.

पण हे तोंडी कोण ऐकणार, म्हणून लगेच खेळ मांडला. दोन्ही वायरी त्याच एसीच्या पॉइंटला, एकदा ती जाड आणि एकदा कॉम्प्युटरची दीडशे रुपयेवाली. काका पाठमोरे बसलेले, मुलगा नाणं उडवून ठरवणार, आणि वायर बदलली नाही तरी मी टॉप काढून परत घालायचो म्हणजे आवाजावरून अंदाज नको. निम्मे बरोबर, निम्मे चूक. मग ती अडतीस हजारवाली कन्व्हर्टर लावून जुन्या बोर्डात टाकली, रेकॉर्ड सुरू झाली आणि काका लगेच, "आला बघ, परत आला!" हे त्यांनी दर वेळी ओळखलं, एकदाही चुकले नाहीत.

डीलर म्हणतो शेवटचा दीड मीटर महत्त्वाचा. साधी पाऊण स्क्वेअर एमएमची वायर धरली तरी जाऊन-येऊन तीन मीटरचा रेझिस्टन्स 0.07 ओहमच्या आसपास, अ‍ॅम्पने अर्धा अँपिअर घेतला तर 230 पैकी 0.04 व्होल्टसुद्धा पडत नाही. आपल्याकडे शेजाऱ्याचा गीझर चालू झाला तरी याच्या कितीतरी पट हलतं, आणि शेवटी आत ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, कपॅसिटर बसलेतच त्याचं डीसी करायला. बोर्डामागे भिंतीत तीच जुनी वायर आहे, तिचं कोणी नाव काढत नाही.

वेगळ्या लाइनचं काम अर्थातच रद्द झालं. तीन कोरची वायर घालून नवीन बोर्ड करून दिला. निघताना काकू म्हणाल्या, "मग फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येतात ते पण याच्यामुळेच का हो?" जाऊन बघतो तर किचनमध्ये तसलाच बोर्ड, फ्रीज त्यावर. तो पण बदलला. दोन्ही बोर्ड आणि मजुरी मिळून बाराशे सांगितले तर काका म्हणाले, "बाराशे? जरा जास्तच होतात रे."

मुलगा जो हसत सुटला. शेवटी हजारवर मिटलं.