आमची वाटचाल : लीज्ड लाइनपासून दुहेरी फायबरपर्यंत

पतसंस्था, दूध संघ, गोदामं यांच्या शाखा मुख्य कार्यालयाशी जोडून देणं हे आमचं काम. सुरुवातीला पर्याय दोनच : ६४ केबीपीएसची लीज्ड लाइन (फक्त आपल्यासाठी भाड्याने घेतलेली तार), नाहीतर गच्चीवर व्हीसॅटची, म्हणजे उपग्रहामार्फत जोडणारी डिश. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर वर, त्यामुळे पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) जाऊन परत यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागायचा. शिवाय मुसळधार पावसात सिग्नल गायब. पुढे एमपीएलएस, म्हणजे टेलिकॉम कंपनीचं शाखा जोडणारं खासगी जाळं आलं. सेवा भरवशाची, मासिक भाडं मात्र छोट्या संस्थेला न झेपणारं. आता बहुतेक ठिकाणी आम्ही साध्या फायबरवर आयपीसेक बोगदा, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारी सांकेतिक, खासगी वाट टाकतो.

ग्राहक आधी एमबीपीएस विचारतो. आम्ही केबल कुठून येते ते बघतो. दोन कंपन्यांच्या लाइन घेऊनही दोन्ही एकाच खांबावरून येत असतील, तर एक जेसीबी दोन्ही तोडतो. अशा जागी दुसरी लाइन फोर-जीचीच हवी. ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडलं जातं तो डबा) आणि राउटर दोन्ही यूपीएसवर. ओएनटी हमखास विसरला जातो.

पत्त्यांची आखणी पहिल्या दिवशीच करावी. बारावी शाखा म्हणजे १०.२०.१२.०/२४, तिसरा आकडा शाखेचा. सगळ्या शाखा राउटरच्या मूळ १९२.१६८.१.० वर राहिल्या, तर पॅकेट कोणत्या शाखेला द्यायचं हे बोगद्याला कळणार कसं? स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, फक्त मुख्य कार्यालयात असला तरी पुरतो. शाखेला १००.६४ ते १००.१२७ मधला, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या अंतर्गत वापराचा पत्ता मिळाला असेल, तर बाहेरून तिथे पोहोचता येत नाही. बोगदा शाखेकडूनच उघडायचा, यूडीपीच्या ५०० आणि ४५०० क्रमांकाच्या पोर्टवरून.

पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का हे बघणारं छोटं पॅकेट) जातं, लॉगिन होतं, पण मोठा रिपोर्ट अडकतो, ही तक्रार आली की एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार बघा. पीपीपीओई (इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करायची पद्धत) आणि आयपीसेकच्या जादा हेडरमुळे १५०० बाइटचं पॅकेट मावत नाही. टीसीपी एमएसएस (पॅकेटमधल्या मूळ माहितीचा कमाल आकार) १३५० वर आणला की बहुधा सुटतं.

काम ताब्यात घेताना दुसरी लाइन आपोआप चालू होते का याची चाचणी राउटर आणि ओएनटीमधली केबल काढून घेऊ नका, पोर्ट बंद झाल्याचं राउटरला लगेच कळतं. ओएनटीतून फायबर काढा. खऱ्या बिघाडात पोर्टचा दिवा चालूच असतो आणि इंटरनेट मेलेलं असतं. म्हणून तपासणीचं पिंग गेटवेला (इंटरनेट कंपनीच्या पहिल्या राउटरला) न लावता बोगद्यातून थेट मुख्य सर्व्हरला लावावं.

एसडी-वॅन, म्हणजे सगळ्या शाखांच्या लाइन एका जागेवरून सांभाळणारी सॉफ्टवेअर यंत्रणा? पाच-सहा शाखांना त्याचं वार्षिक लायसन घेऊ नये, असं आमचं मत. शाखा पन्नासच्या घरात गेल्या आणि फोनही त्याच लाइनवर आले, की मग त्याचे पैसे वसूल होतात.